शांताबाई आपटे आणि कराराचा कागद

मंडळी, गाणं कुणाला आवडत नाही? जात्यावर ओवी असते, देवळात भजन असतं, जत्रेत तमाशाचा फड असतो. गावात एखादी पोर गोड गळ्याची निघाली, की लोक म्हणतात, “ही नाव काढील बघा. सिनेमात जाईल.”

सिनेमात गेली म्हणजे सगळं झालं, असं आपल्याला वाटतं. पण पडद्यावर गाणाऱ्या बाईलाही वेळेवर कामावर जावे लागते. तिलाही पगार असतो. तिलाही मालक असतो. आणि तिच्यात व मालकात एक कागद झालेला असतो. त्या कागदाला करार म्हणतात.

आज आम्ही तुम्हाला अशाच एका मुलीची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट पुण्यातली आहे आणि खरी आहे. तिचे नाव शांता आपटे.

स्टेशनमास्तरांची मुलगी

सोलापूरच्या बाजूला, अक्कलकोट तालुक्यात, दुधनी नावाचे गाव आहे. तिथे १९१६ साली शांताचा जन्म झाला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. त्यांना गाण्याची आवड होती. मुलीचा गळा चांगला आहे, हे त्यांनी ओळखले. पंढरपूरला तिचे गाण्याचे शिक्षण झाले.

तेव्हा काळ मोठ्या बदलाचा होता. १९३१ सालापर्यंत आपल्या देशातला सिनेमा मुका होता. पडद्यावर माणसे हलत, पण बोलत नसत. १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला बोलणारा हिंदी चित्रपट आला. पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. आता नुसता चेहरा चांगला असून भागेना. स्पष्ट बोलणारी आणि सुरात गाणारी माणसे हवी होती.

त्याच १९३२ साली भालजी पेंढारकरांनी ‘श्यामसुंदर’ हा कृष्णाचा बोलपट काढला. पुण्याच्या सरस्वती सिनेटोन या कंपनीचा तो बोलपट. त्यात शांताला राधेचे काम मिळाले. वय अवघे सोळा वर्षांचे! हा बोलपट मुंबईत सलग पंचवीस आठवडे चालला. सिनेमाचा एक खेळ सहा महिने हलत नाही, ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती.

सिनेमाचा कारखाना

पुण्यात तेव्हा एक मोठी चित्रपट कंपनी आली होती. तिचे नाव प्रभात. पाच भागीदारांनी १९२९ साली कोल्हापुरात ती सुरू केली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे ते भागीदार. १९३३ साली कंपनी पुण्यात आली. प्रभातचा चित्रपट सुरू झाला, की आधी पडद्यावर तुतारी फुंकणारी बाई दिसे. लोक ती खूण बघून म्हणत, “प्रभातचा आहे, म्हणजे चांगलाच असणार.”

प्रभात म्हणजे एक कारखानाच होता. साखर कारखान्यात जशी नाना तऱ्हेची माणसे लागतात, तशी तिथे होती. सुतार होते, रंगारी होते, शिंपी होते, विजेचे काम करणारे होते, वाजवणारे होते. नटनट्याही तिथे महिन्याच्या पगारावर काम करीत. दुसऱ्या कंपनीत काम करायचे तर आधी इथून सुटका हवी.

शांताबाई प्रभातमध्ये आल्या. १९३४ साली शांतारामांचा ‘अमृतमंथन’ आला. देवाच्या नावाने बळी देणे थांबवावे, असा त्याचा विषय. त्यात नायकाच्या बहिणीचे काम शांताबाईंनी केले. मग १९३६ साली ‘अमरज्योती’ आला. १९३८ साली ‘गोपालकृष्ण’ आला. त्यात त्या पुन्हा राधा झाल्या.

आता त्यांचे वेगळेपण काय, ते ऐका. सुरुवातीच्या बोलपटात पुष्कळ नट गाताना खांबासारखे उभे राहत. गाणे सुरू झाले की अभिनय बंद. शांताबाईंनी हे बदलले. त्या गाता गाता डोळ्यांनी बोलत. हात, मान, खांदे, सगळे अंग गाण्याबरोबर हले. गाणे आणि अभिनय दोन राहिले नाहीत, एक झाले. आणि गळाही त्यांचा स्वतःचाच. तोंड एकीचे आणि आवाज दुसरीचा, अशी रीत सिनेमात पुढे रुळली. शांताबाई मात्र स्वतः गात. प्रभातचे संगीतकार केशवराव भोळे यांनी त्यांच्याकडून गाण्याची मेहनत करून घेतली.

मंडळी, गळा देवाचा म्हणतात. पण मेहनत आपलीच असते. तालीम, पुन्हा तालीम, आणि दिव्यांच्या उजेडात दिवसभर उभे राहणे, हे सगळे कष्टच की!

‘नाही’ म्हणणारी नीरा

१९३७ साली प्रभातने ‘कुंकू’ हा चित्रपट काढला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो केला होता. हिंदीत त्याचे नाव होते ‘दुनिया न माने’. शांताबाईंचे वय तेव्हा एकवीस.

गोष्ट अशी. नीरा नावाची एक पोरकी मुलगी आहे. मामा पैशाच्या लोभाने तिचे लग्न ठरवतो. नवरा म्हणून उभा राहतो तो एक म्हातारा, बायको वारलेला वकील. नीराच्या गळ्यात माळ पडते, पण तिचे मन ते लग्न मान्य करीत नाही. ती त्या घरात राहते, पण बायको म्हणून नांदायला साफ नकार देते. ती रडत बसत नाही. कुणी अंगावर आले तर हातात छडी घेते. शेवटी त्या म्हाताऱ्यालाच आपली चूक कळते. ती चूक त्याच्या जिवाला लागते, आणि तो आपले जीवन संपवतो.

म्हाताऱ्याचे काम केशवराव दाते यांनी केले. एक गंमत बघा. या चित्रपटात प्रसंगाच्या मागे उगाच वाजवलेले संगीत नाही. घड्याळाची टिकटिक, पावलांचा आवाज, असे घरातले खरे आवाज तेवढे आहेत. त्यामुळे बघणाऱ्याला वाटे, हे आपल्याच आळीतले घर आहे.

बाला-जरठ विवाहावर देवलांनी ‘शारदा’ नाटक १८९९ सालीच लिहिले होते. पुढे १९२९ साली कायदा झाला. मुलीच्या लग्नाला निदान चौदा वर्षे पुरी हवीत, असे त्यात ठरले. आज ही मर्यादा मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षांची आहे. पण कायदा कागदावर असतो. तो मनात उतरवायला नीरासारखी मुलगी लागते. ‘कुंकू’ पाहून घरोघर बोलणे सुरू झाले. शांताबाईंचे नाव देशभर झाले.

प्रभातच्या दारात

आता गोष्टीचा महत्त्वाचा भाग आला.

१९३९ साल उजाडले. शांताबाई तेवीस वर्षांच्या होत्या. नाव होते, मान होता. पण कंपनीशी त्यांचा वाद झाला. वाद पगाराचा आणि कराराच्या अटींचा होता. बोलणी झाली, पण मिटेना.

तेव्हा शांताबाईंनी काय केले? त्या प्रभातच्या दाराशी जाऊन बसल्या. अन्न घेतले नाही. उपोषण! पडद्यावर राधा आणि नीरा झालेली बाई कारखान्याच्या दारात उपाशी बसली, ही बातमी वर्तमानपत्रांत झळकली. लोकांना आश्चर्य वाटले. कुणी म्हणाले, “धीट पोरगी!” कुणी म्हणाले, “एवढं नाव झालं, तरी हिला काय कमी?”

या वादात कुणाचे किती खरे होते, याचा निवाडा आम्ही करीत नाही. कंपनीलाही शिस्त लागते. एक माणूस आला नाही, तर शंभर माणसांचे काम अडते. पण काम करणाऱ्यालाही आपला मोबदला आणि आपली अट विचारायचा हक्क आहे. शांताबाईंनी लोकांपुढे हीच गोष्ट आणली, की गाणारी बाई ही कामकरीण आहे. टाळ्यांनी पोट भरत नाही.

उपोषण पुढे थांबले. पण तुटलेले जुळले नाही. शांताबाईंनी प्रभात सोडली.

आता लिहिण्याची पाळी

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. १९४० साली त्यांनी एक पुस्तक लिहिले. नाव आहे ‘जाऊ मी सिनेमात?’. नावच कसे आहे पाहा. जणू एखादी पोर घरच्यांना विचारते आहे. पैसा घालणारा मालक आणि अंग मोडून काम करणारा माणूस, यांचे सिनेमाच्या धंद्यात नाते कसे असते, हे त्यांनी त्यात मांडले. सिनेमात येऊ बघणाऱ्यांना झगमगाटामागचे खरे चित्र दाखवले.

उपोषणाची बातमी चार दिवसांत जुनी झाली असती. पण लिहिलेले राहिले. ऐंशी वर्षांच्या वर झाली, तरी आज त्या पुस्तकाची आठवण निघते. मंडळी, अक्षराची ताकद ती हीच.

प्रभात सुटली म्हणून शांताबाईंचे काम संपले नाही. १९४१ साली त्यांनी ‘सावित्री’ या तामिळ चित्रपटात सावित्रीचे काम केले. त्यात नारदाच्या कामाला होत्या थोर गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी. पुढे शांताबाईंनी मुंबई आणि लाहोरकडच्या हिंदी चित्रपटांतही कामे केली. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्या वारल्या. वय पन्नासही नव्हते.

प्रभात कंपनीही पुढे बंद पडली. तिच्या जागेत १९६० सालापासून सरकारची चित्रपट शिकवणारी संस्था आहे. देशभरातली तरुण मुले-मुली तिथे शिकायला येतात.

आपण काय घ्यायचे?

तुम्ही म्हणाल, “आम्हाला कुठं सिनेमात जायचंय?”

खरं आहे. पण कागद तुमच्याही पुढे येतोच की! मुकादमाकडून उचल घेताना येतो. सावकाराकडे, बँकेत, सोसायटीत कर्ज काढताना येतो. जमीन खंडाने देताना येतो. तमाशाच्या फडात उचल घेणाऱ्या कलावंतापुढे येतो. पोरगा शहरात कामाला लागला की त्याच्यापुढेही येतो. “इथं अंगठा उठवा” असं म्हणायचे दिवस आता गेले पाहिजेत. तुम्ही अक्षर शिकलात ते याचसाठी.

कागद पुढे आला, की पाच गोष्टी त्यात शोधा.

१. काम काय? नेमके काय करायचे, ते लिहिले आहे का?

२. मुदत किती? किती महिने, किती वर्षे? तारीख घातली आहे का?

३. पैसे किती आणि केव्हा मिळणार? आकडा अक्षरांतही लिहिला आहे का?

४. पैसे कापणार कशाबद्दल? आजारी पडलो, खाडा झाला, तर काय?

५. सुटायचे कसे? काम सोडायचे झाले तर काय अट आहे?

यातले एखादे उत्तर कागदात नसेल, तर विचारा. “नंतर बघू” असे उत्तर आले, तर सहीही नंतरच करा. कोऱ्या कागदावर कधीही सही करू नका. सही केलेल्या कागदाची एक प्रत आपल्या घरी ठेवा. अठरा वर्षांच्या आतल्या पोराचा करार कायद्यात टिकत नाही, हेही लक्षात असू द्या.

करार ही वाईट गोष्ट नाही बरं का. नीट वाचून, समजून केलेला करार मालकालाही राखतो आणि कामकऱ्यालाही राखतो. न वाचता केलेला करार मात्र भांडण पोटात घेऊनच जन्माला येतो.

आणि तुमच्या गावात गोड गळ्याची पोर असेल, तर तिला अडवू नका. गाऊ द्या, नाचू द्या, नाटकात काम करू द्या. फक्त गाण्याबरोबर तिला वाचायलाही शिकवा. गळा तिला दारापर्यंत नेईल. दाराच्या आत मानाने राहायला अक्षरच उपयोगी पडेल.

विचार करा आणि सांगा

१. १९३१ सालानंतर सिनेमाला गाणारी माणसे का हवी झाली?

२. शांताबाईंच्या गाण्यात वेगळे काय होते?

३. ‘कुंकू’मधल्या नीराने कशाला नकार दिला? तुम्हाला तिचे वागणे पटते का?

४. शांताबाई उपोषणाला का बसल्या? नंतर त्यांनी काय लिहिले?

५. तुमच्या घरात असलेला एखादा करार, पावती किंवा कर्जाचा कागद काढा. वर सांगितलेल्या पाच गोष्टी त्यात सापडतात का, ते वाचून पाहा.

नवे शब्द

करार – दोघांनी मिळून ठरवलेल्या आणि लिहून ठेवलेल्या अटी.
मुदत – ठरलेला काळ.
मोबदला – कामाबद्दल मिळणारे पैसे.
बोलपट – आवाज असलेला चित्रपट.
बाला-जरठ विवाह – लहान मुलीचे म्हाताऱ्याशी लग्न.