चालणाऱ्या रोबोचा पाय आणि दहावीनंतरची वाट

मुलगी घरी रोबो बनवायला लागली की आईवडिलांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘मग हिला कॉम्प्युटरलाच घालायचं ना?’ माझं सांगणं असतं, उत्तराची घाई करू नका. तो सहा पायांचा रोबो तिच्या हातून पुरा होऊ द्या आणि तिचं मन कशात रमतं ते बघा. प्रोग्रॅम लिहिण्यात रमलं तर प्रश्नच मिटला. पण कित्येक मुलांचा जीव रमतो तो अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर मोटारी बसवण्यात, आणि घरात नेमकं तेच काम ‘नुसती ठोकाठोक’ म्हणून बाजूला सारलं जातं.

या ठोकाठोकीत काय काय असतं, ते पालकांनी एकदा नीट समजून घ्यावं. प्रत्येक पायाला तीन सांधे धरले तर सहा पायांना १८ सर्व्हो मोटारी लागतात. मुलं बहुधा एमजी९९६आर ही मोटार घेतात. एकीचं वजन सुमारे ५५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक किलो नुसत्या मोटारींचंच. सांगाडा आणि बॅटरी मिळून रोबो २.४ किलोचा झाला असं समजू. चालताना तीन पाय जमिनीवर असतात, तीन हवेत. मुलं सरळ भागाकार करतात : पायाला ८०० ग्रॅम. हिशेब चुकतो तो इथेच. टेकलेल्या तीन पायांपैकी दोन एका बाजूला असतात आणि दुसऱ्या बाजूला मधला पाय एकटाच. निम्मा भार, १.२ किलो, त्या एकट्यावर येतो. पाऊल सांध्यापासून आडवं ८ सेंटिमीटर लांब टेकत असेल, तर सांध्याला ९.६ किलो-सेंटिमीटर टॉर्क पेलावा लागतो. या मोटारीची कमाल क्षमता ४.८ व्होल्टला साधारण ९.४ आणि ६ व्होल्टला ११ सांगतात, आणि तीही मोटार अडून थांबते त्या क्षणाची. रोबो बसकण मारतो, मोटार तापते.

आता करायचं काय? मोठी मोटार लावली तर वजन आणखी वाढतं. पाऊल आत घेतलं तर तोल सांभाळावा लागतो. पत्र्याला खिडक्या पाडून वजन उतरवलं तर पत्रा वाकतो का, ते बघावं लागतं. अशा पेचात संध्याकाळ घालवणारी मुलगी मशीन डिझाइनच करत असते. त्यासाठी लागणारं गणित अकरावी-बारावीच्या फिजिक्समध्ये आहे. म्हणून ‘हाताचं काम आवडतं, मग गणित सुटलं’ असं कोणी समजू नये. गणित सुटत नाही.

मग हाताची पाळी येते. दोन मिलिमीटर पत्र्यावर गुण्या लावून रेघ मारायची, सेंटर पंचचा ठोका द्यायचा, आधी बारीक ड्रिल, मग एम३ स्क्रूसाठी ३.२ मिलिमीटरचं, आणि भोकाची कोर कानशीने साफ करायची. ठोका न देता ड्रिल लावलं तर ते सरकतं, आणि मोटारीच्या कानांतली चार भोकं पत्र्याशी जुळत नाहीत. त्या कानांत रबर आणि पितळी बुश बसवायची सोय असते. विमानाच्या मॉडेलमध्ये रबर थरथर शोषतं, पण पायाच्या सांध्यात ते दबलं की ‘प्ले’, म्हणजे सैलपणा, येतो. म्हणून चालणारा रोबो बनवणारे बरेच जण रबर काढून मोटार थेट कसतात. मोटारीचा शाफ्ट एकाच बाजूने पाय पेलत असेल तर पाय लचकतो. म्हणून मागच्या बाजूलाही छोटं बेअरिंग द्यावं लागतं, तेही शाफ्टच्या अक्षाशी अगदी एका रेषेत. जरा हललं की सांधा जाम होतो.

शाफ्टला २५ दाते असतात, म्हणजे त्यावर बसणारा हॉर्न एका दात्याने १४.४ अंश फिरतो. म्हणून आधी सिग्नल देऊन मोटार मधोमध आणायची, मगच हॉर्न बसवायचा, आणि उरलेले पाच-सात अंश प्रोग्रॅममधून जुळवायचे. चालण्याच्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात, तेव्हा नायलॉक नट लावावेत. स्क्रू धरून ठेवणारं थ्रेडलॉक मोटारीच्या प्लास्टिकवर सांडू देऊ नये, त्याने काही प्लास्टिकं तडकतात.

ज्याला हे सगळं चिकाटीने करावंसं वाटतं, त्याच्यासाठी दहावीनंतर चांगल्या वाटा आहेत. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा मेकॅनिकल किंवा मेकॅट्रॉनिक्स डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. आयटीआयचा फिटर ट्रेड दोन वर्षांचा आहे, आणि तिथूनही पुढे डिप्लोमाकडे जाता येतं. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंग शिकवतात. अकरावी-बारावी सायन्स आणि सीईटीची वाट सर्वांना ठाऊक आहेच. माझं स्पष्ट मत असं, की हातात कसब आणि डोक्यात प्रश्न असलेल्या मुलाला दोन वर्षं क्लासच्या नोट्समध्ये कोंडण्यापेक्षा डिप्लोमाची वर्कशॉप जास्त मानवते. पदवीला ‘रोबोटिक्स’ नावाच्याच शाखेचा हट्टही नको. मेकॅनिकलचा पाया रुंद असतो, इलेक्ट्रॉनिक्सची भर पुढे घालता येते.

या कामाला मोठं मैदानही आहे. एबीयू रोबोकॉन या आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेची अंतिम फेरी २००८ आणि २०१४ मध्ये पुण्यात झाली. २०१९ ला उलानबातरमध्ये तर एक रोबो चार पायांनीच चालणारा हवा, असा नियम होता. बॉम्ब निकामी करणारा ‘दक्ष’ रोबोही पुण्यातल्याच डीआरडीओच्या आर अँड डीई प्रयोगशाळेने घडवला.

पगाराची काळजी रास्त आहे. कारखान्यातली पहिली नोकरी सॉफ्टवेअरइतकी देत नाही, हे मुलांना आधीच सांगा. आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा प्लेसमेंटचा तक्ता वाचून परतू नका. वर्कशॉप दाखवा म्हणा. पहिल्या वर्षाची मुलं आठवड्यातून किती तास मशीनवर उभी राहतात, ड्रिल आणि लेथ त्यांच्या हाती देतात की लांबून दाखवतात, रोबोकॉनच्या संघाला संध्याकाळी वर्कशॉप उघडी मिळते का, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा.