फोन राहू दे गं, बोलणं थांबवू नकोस

लेक जेवताना ताटाकडे बघत नाही, सासूबाई आलेला प्रत्येक मेसेज सगळ्या ग्रुपवर ढकलतात, सासऱ्यांना रोज कुठल्या ना कुठल्या 'बँकेतून' फोन येतो, आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवायचं तू एकटीनं! दमशील नाही तर काय गं. पण सगळ्यांचे फोन गोळा करून कपाटात ठेवायचं जे म्हणतेस ना, ते आधी डोक्यातून काढ.

त्या फोननं काय दिलंय, तेही बघ ना. यूपीआय आलं 2016 साली. आज दारावर येणाऱ्या भाजीवालीच्या गाडीला क्यूआरचा कागद चिकटवलेला असतो आणि पैसे जमा झाले की तिचा छोटा स्पीकर मोठ्यांदा सांगतो. सुट्ट्या पैशांची कटकट गेली हे खरंच, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की पैसे थेट तिच्या खात्यात जातात. गावाकडच्या सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे किती खेपा व्हायच्या! आता डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत घरी बसून निघतो. सासूबाईंना एकदा शिकवलंस तर पैसे पाठवायला त्यांना कोणाचं तोंड बघावं लागणार नाही. हे त्यांच्याकडून काढून घेऊ नकोस.

आता सासऱ्यांचं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे त्यांच्याकडून अगदी पाठ करून घे. लग्नाची पत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून एपीके फाईल आली, तर ओळखीच्या नंबरवरून आली असली तरी उघडायची नाही. आणि सगळ्यात वाईट ते 'डिजिटल अरेस्ट'. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतो, कॉल बंद करू नका, घरात कोणाला सांगू नका, अशी दमदाटी करतो. असली अटक आपल्या कायद्यात नाहीच. पण खरं सांगू का, त्यांचं सगळं बळ त्या 'कोणाला सांगू नका'मध्ये आहे. म्हातारी माणसं पोलिसांना घाबरतात, आणि त्याहून जास्त घरच्यांच्या बोलण्याला. 'तुम्हाला कळत नाही का एवढं' हे वाक्य तुझ्या घरात कोणी उच्चारायचं नाही. पैसे गेलेच, तर त्याच मिनिटाला त्यांनी तुला हाक मारली पाहिजे. लगेच 1930 वर फोन केला, तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. दोन दिवस लाजेत गेले की ती फार कमी होते.

सासूबाईंच्या फॉरवर्डचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस हं. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवतं? 1 जुलै 2018, रविवारचा बाजार. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले गं. मुलं पळवल्याचे मेसेज तेव्हा देशभर फिरत होते. त्यातला एक व्हिडिओ तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती, शेवट कापून पुढे ढकललेली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं जाहीर केलं. मला राहून राहून वाटतं, ते मेसेज पुढे पाठवणाऱ्या कितीतरी जणींना पोराबाळांची काळजीच वाटत असणार. तुझ्या सासूबाईंसारखीच. म्हणून त्यांच्यावर ओरडू नकोस. जवळ बसून विचार, 'आई, हे कुठलं आहे? कधीचं आहे? कोणी बघितलंय?' उत्तर मिळालं नाही तर मेसेज तिथंच थांबेल, आणि हळूहळू त्या स्वतःच विचारायला लागतील.

राहिला लेक. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं काय केलं, माहितीये? 2022 पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे नियम मोठ्यांनाही तोच. तुझ्या नवऱ्यानं सोफ्यावर रील्स बघायच्या आणि पोरानं पुस्तक उघडायचं, असं कसं चालेल? दीड तास नको, जेवणाचा अर्धा तास धर. तुझा ऑफिसचा ग्रुपही त्यात आला बरं का! पहिले काही दिवस पोरगं चिडचिड करेल, पण तू ढळू नकोस.

हे सगळं एका दिवसात करायला जाऊ नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आज फक्त सासऱ्यांच्या फोनमध्ये 1930 सेव्ह करून दे, आणि तोच नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लाव. जेवणाचा नियम रविवारी, नवरा घरी असेल तेव्हा काढ. तो कुरकुरला तर मला फोन लाव, त्याच्याशी मी बोलते.