लांबचा वळसाच घे

अगं, स्कूटी घेतलीस, फार बरं वाटलं. पण तुझं रोजचं जाणं-येणं पुणे-सोलापूर महामार्गावरून, म्हणून मनातलं एक सांगते.

पेट्रोल भरून बाहेर पडलं की दुभाजकातला कट मागे दोनशे मीटरवर राहतो आणि वळायचा पूल पुढे दीड-दोन किलोमीटरवर. मग "कडेकडेनेच तर जायचंय" म्हणत सगळे राँग साइडने निघतात. दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल, पोरांना शाळेत सोडणारी आईसुद्धा. तू त्यांच्यामागे जाऊ नकोस.

खरा धोका त्या कडेलाच आहे गं. गल्लीतून, ढाब्यावरून महामार्गावर येणारा फक्त उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडूनच यायच्या असतात. तू येतेस त्याच्या डावीकडून. रस्ता ओलांडायला उभी असलेली म्हातारीही उजवीकडेच बघत असते, आणि तिचं पाऊल पडतं ते थेट तुझ्या चाकापुढे.

समोरची कार ताशी ९० ने येतेय आणि तू ३६ ने जातेयस, तर तुमच्यातलं अंतर सेकंदाला ३५ मीटरने संपतं. शंभर मीटरला तीन सेकंदही नाहीत. रात्री तर तुझा दिवा त्या ड्रायव्हरला दुभाजकापलीकडचाच वाटू शकतो, मग तो ब्रेककडे पायही नेत नाही. २०२२ साली देशात राँग साइडने नऊ हजारांवर जीव घेतले, हे सरकारी अहवालातच आहे. कायद्यानेही राँग साइडने जाणं हे धोकादायक वाहन चालवणं ठरतं. दंडच काय, कैदही होऊ शकते.

आणि बाबांची कार रात्री चालवशील तेव्हा ओव्हरटेक झालं की लगेच डाव्या लेनमध्ये ये. चुकून किंवा पिऊन उलटा शिरलेला माणूस सवयीने स्वतःची डावी बाजू धरतो, म्हणजे दुभाजकालगतची, नेमकी तुझी उजवी लेन. असा कोणी दिसलाच तर वेग कमी कर, डावीकडे हो, आणि सुरक्षित जागी थांबून १०३३ या महामार्ग हेल्पलाइनला कळव.

वळायला इतकं लांब जावं लागतं, ही रस्ता आखणाऱ्यांचीही चूक आहे. ग्रामसभेत भुयारी मार्गाची मागणी लावून धरा, मीही येईन सही करायला. पण तो होईपर्यंत घरातून दहा मिनिटं आधी निघ आणि पुलाखालूनच वळ. एवढं माझं ऐक.