खाडीचे पाणी आणि होडीची वाट

भरती-ओहोटीचा पाठ शिकविताना बहुतेक शाळांतून पृथ्वी, चंद्र व सूर्य यांची आकृती फळ्यावर काढली जाते, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि पाठ संपतो. आकृती आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु ज्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते, तेथे हा पाठ फळ्यापाशीच संपावा हे बरे नव्हे. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी आणि विजयदुर्गला वाघोटन समुद्रास मिळते. या खाड्यांच्या काठी असलेल्या शाळांतील कित्येक मुलांच्या घरी होडी असते. होडी खाडीत कशी आणावी व कशी बांधावी, या अंगाने हा पाठ घेतल्यास भूगोल, गणित व विज्ञान यांची सांगड आपोआप बसते. शर्यतीची यॉट असो वा मच्छीमाराचा मचवा असो, नियम दोघांनाही एकच आहेत.

प्रथम एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवावी. जमिनीवरील वाट जागेवर असते. सकाळी गेलो काय किंवा सायंकाळी गेलो काय, ती तेथेच सापडते. खाडीतील वाट मात्र वेळेवर असते. ज्या ठिकाणी दुपारी दोन वाव पाणी होते, तेथेच संध्याकाळी बगळे चिखलातून चालताना दिसतात. म्हणून चांगला तांडेल "कोठून जावे" याच्या आधी "केव्हा जावे" याचा विचार करतो.

हे "केव्हा" ठरविण्यास आपल्याकडे पूर्वीपासून तिथीचा हिशेब वापरीत आले आहेत. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. यामागील कारण मुलांना सहज समजेल. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच मागे पडते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात. रोजचा पाऊण तास म्हणजे 45 मिनिटे, तेव्हा हा हिशेब ढोबळ आहे हे उघडच आहे. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे रत्नागिरीस ती मुंबईच्या आधी पोहोचते. आणि एकाच खाडीत मुखापाशी पूर्ण भरती झाल्यावर आतल्या गावी ती काही वेळाने होते. प्रत्येक गावाने या हिशेबात आपली दुरुस्ती करून घ्यावी लागते. ती कशी करावी हे पुढे येईल.

पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास चंद्र-सूर्यांचे ओढणे एका रेषेत येते व उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. पाणी उतरताना सर्व वेळ सारख्या वेगाने उतरत नाही, ही बाब पुस्तकातून सहसा येत नाही. नाविक लोक चढउताराचे बारा भाग कल्पितात. सहा तासांपैकी पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. समजा, एकूण चढउतार 240 सेंटिमीटर आहे. तर तासागणिक 20, 40, 60, 60, 40 व 20 सेंटिमीटर पाणी उतरेल. निम्मे पाणी मधल्या दोन तासांत निघून जाते.

या मधल्या दोन तासांची किंमत मी स्वतः मोजली आहे. काही वर्षांपूर्वी पलीकडच्या काठावरील एका शाळेत सामने होते आणि अकरा मुलांना होडीतून परत आणण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. मार्गशीर्ष वद्य तृतीया होती. भरती सव्वादोनला होऊन गेली होती. होडीवाला मला दोनदा म्हणाला, "गुरुजी, चारच्या आत निघू या. पाणी कोणासाठी थांबत नाही." बक्षीस-समारंभात भाषणे लांबली आणि मला मध्येच उठणे प्रशस्त वाटले नाही. आम्ही पाच वाजता निघालो व साडेपाचला मधल्या दांड्यावर रुतलो. ओहोटीचा चौथा तास! बांबू रेटून होडी हलवीपर्यंत पाणी आणखी उतरले. सभोवार कमरेइतका चिखल असल्याने उतरून चालत जाणे शक्य नव्हते. होडीवाल्याने रागाचा एक शब्दही काढला नाही. त्याने प्रथम नांगर काढून चिखलात रोवला, कारण रात्री पाणी चढले की होडी आपोआप उचलेल आणि अंधारात भलतीकडे वाहत जाईल. मग त्याने सांगितले, "आता साडेअकरा." तीन तास ओहोटी संपण्यास आणि तीन तास पाणी पुन्हा तेवढेच चढण्यास, असा त्याचा हिशेब होता. साडेआठच्या सुमारास चंद्र उगवला. पलीकडे कंदील घेऊन आईबाप उभे होते. त्यांच्या हाका ऐकू येत होत्या आणि आमच्यातली दोन लहान मुले त्या ऐकून रडू लागली होती. होडी पावणेबाराला तरंगली. होडीवाल्याला लिहितावाचता येत नव्हते.

यावरून खाडीप्रवेशाचा पहिला नियम निघतो. उथळ जागेतून जावयाचे झाल्यास चढत्या पाण्यात जावे. भरतीच्या वेळी होडी रुतली तर थोड्या वेळाने तेच पाणी तिला सोडविते; ओहोटीच्या वेळी रुतली तर तेच पाणी तिला टाकून जाते. अगदी पूर्ण भरतीची वेळही साधू नये, तिच्या आधीचा एक-दीड तास अधिक चांगला. उधाणाच्या माथ्यावर रुतलेली होडी पुढच्या उधाणापर्यंत तेथेच बसण्याचा संभव असतो.

खाडीच्या मुखाशी धोका निराळा आहे. नदीचा वेग समुद्रास मिळताना मंदावतो आणि तिने आणलेली वाळू तेथे बसून आडवा दांडा तयार होतो. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असता समोरून समुद्राच्या लाटा आल्या म्हणजे त्या या दांड्यावर उभ्या राहून फुटतात. बाहेरून पाहणाऱ्यास लाटांची पाठच दिसते, फुटणारे तोंड दिसत नाही; म्हणून त्या आहेत त्याहून लहान वाटतात. पावसाळ्यात नदीच्या पुरामुळे ओहोटी अधिक वेळ व अधिक जोराने वाहते. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात न घालण्याच्या रूढीमागे हाही अनुभव आहे.

आत आल्यावर खोल पाणी ओळखावयाचे असते. वळणावर प्रवाह बाहेरच्या काठास घासून जातो. तेथे खोली असते, तर आतल्या बाजूस गाळ साचतो. दोन वळणांच्या मधून जाण्यासाठी काठावरील दोन खुणा एका रेषेत धरतात, जसे देवळाचा कळस व त्यामागील माड. माड कळसाच्या डावीकडे सरकला तर आपणही डावीकडे गेलो असे समजावे. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, हा भूमितीतील सिद्धान्त शाळेच्या पटांगणात दोन काठ्या रोवून व मुलांना चालावयास लावून दहा मिनिटांत शिकविता येतो.

धक्क्यास लागताना होडीचे तोंड नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध असावे. प्रवाह ताशी 2 किलोमीटर व होडीचा पाण्यातील वेग 3 किलोमीटर असेल, तर उलट दिशेने ती धक्क्याजवळ ताशी 1 किलोमीटरने येते. प्रवाहाबरोबर आली तर 5 किलोमीटरने येऊन आदळते. दोन्ही वेळी सुकाणूवरून वाहणारे पाणी मात्र सारखेच, म्हणजे 3 किलोमीटरचे. प्रवाहाविरुद्ध होडी हळूही येते आणि सुकाणूचेही ऐकते. दोर बांधताना तो पुढून व मागून लांबवर, तिरपा न्यावा. भरतीच्या वेळी आखूड दोराने बांधलेली होडी ओहोटीस खुंट्यावर लोंबकळते, किंवा एका कुशीवर कलंडून पुढच्या भरतीस पाण्याने भरते.

नांगर टाकण्यातही हीच चूक होते. नांगराचे फाळ तळात रुतण्यास ओढ आडवी हवी. वरची ओढ त्यांना उपटते. यासाठी भरतीच्या खोलीच्या निदान पाचपट दोर सोडावा. ओहोटीस 2 मीटर पाणी पाहून कोणी 10 मीटर दोर सोडला, तर 240 सेंटिमीटर भरती आल्यावर खोली 4.4 मीटर होते व दोर खोलीच्या सव्वादोनपटच उरतो. हवा होता 22 मीटर. प्रवाह फिरला की होडीही नांगराभोवती फिरते, तेव्हा तिला फिरण्यास तितकी जागा आहे ना, हेही पाहावे. अरुंद खाडीत म्हणूनच एक नांगर वरच्या अंगास व एक खालच्या अंगास टाकतात.

आता गावच्या दुरुस्तीविषयी. धक्क्याजवळ, जेथे ओहोटीसही थोडे पाणी राहते अशा ठिकाणी, सेंटिमीटरच्या खुणा केलेला बांबू गावकऱ्यांकडून रोवून घ्यावा. मुलांनी काठावरूनच, आणि मोठे माणूस सोबत असतानाच, वाचन करावे. एक महिना शाळेच्या वेळात येणाऱ्या प्रत्येक भरतीची वेळ व उंची वहीत नोंदवावी. शेजारी तिथी व पाऊणपटीने आलेली वेळ लिहावी. दोन वेळांतील फरकाची सरासरी ही त्या गावची दुरुस्ती होय. ती शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहून ठेवावी, आणि खाडी ओलांडून जाणारी कोणतीही सहल ठरविताना परतीची वेळ त्या भिंतीपाशी उभे राहून ठरवावी.