ज्वारी, कडबा आणि खवा

धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगराळ मुलखात भूम तालुका आहे. ईट हे त्यातीलच एक गाव. येथील पाऊस बेभरवशाचा. म्हणून या भागातील शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीवर भिस्त ठेवली. ज्वारीची भाकरी माणसांस मिळे आणि तिचा कडबा जनावरांस.

गोठ्यातील दुधालाही येथे निराळी वाट सापडली. मोठी शहरे दूर आणि दूध तर काही तासांत नासणारे. तेव्हा ते कढईत आटवून खवा करण्याचा उद्योग या तालुक्यात वाढला. सुमारे पाच लिटर दूध आटवावे, तेव्हा कोठे एक किलो खवा हाती येतो. परंतु तो दुधाहून अधिक टिकतो व लांबच्या बाजारी पाठविता येतो. कुंथलगिरी हे जैनांचे पवित्र क्षेत्र याच तालुक्यात आहे. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खव्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

गेल्या दोन-तीन दशकांत मात्र शेताचे रूप पालटले. खरिपात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. सुमारे शंभर दिवसांत निघणारे व रोख पैसा देणारे हे पीक. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, कर्जाचे हप्ते यांस पैसाच लागतो. तेव्हा शेतकऱ्याने ते पेरले, यात त्याचे काही चुकले नाही. पण सोयाबीनचे तेल काढल्यावर उरलेली पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्याचा भावही गावात ठरत नाही. ब्राझील किंवा अमेरिकेत अमाप पीक आले, की त्याची झळ येथल्या अडतीपर्यंत पोहोचते.

याहून मोठी गोष्ट सहसा हिशेबात धरली जात नाही. सोयाबीनच्या भुसकटास कडब्याची सर येत नाही. ज्वारीचा पेरा घटला, की कडबा महागतो. आणि वैरण विकत घेऊन दूध काढावयाचे, तर खव्याचा नफा वैरणीतच जिरतो. बाजार केवळ धान्याचा भाव सांगतो. त्या धान्यामागे उभी असलेली दावण त्याला दिसत नाही.

काही शेतकऱ्यांना ती दिसते. ते रब्बीत थोडी का होईना, ज्वारी पेरतात. जमिनीतील ओलीवर वाढलेले हे पीक माघ-फाल्गुनात काढणीस येते. कणसे खळ्यावर जातात आणि कडब्याच्या पेंढ्या बांधून गंजी रचली जाते. पुढच्या पावसाळ्यात हिरवा चारा येईपर्यंत ती पुरावयास हवी.