वाट दाखविणारी पाटी

वडूज गावास रेल्वे नाही. खटाव तालुक्याचे हे मुख्य ठिकाण येरळा नदीच्या काठी वसले असून येथील माणसास आगगाडीने जावयाचे झाल्यास त्याला आधी एस.टी.ने रहिमतपूर, कोरेगाव, सातारा किंवा कराड गाठावे लागते. म्हणजे एका प्रवासात त्याला निदान तीन स्थानके ओलांडावी लागतात : गावचे एस.टी. स्थानक, जवळचे रेल्वे स्थानक आणि शेवटी पुण्या-मुंबईचे अफाट गर्दीचे स्थानक. माण-खटावच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातून माथाडी कामासाठी व इतर रोजगारासाठी मुंबईस जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. आजही कोणी उपचारासाठी, कोणी परीक्षेसाठी, तर कोणी मुलाकडे म्हणून निघतो. या सर्वांना ठिकठिकाणी सोबत करते ती भिंतीवरची किंवा खांबावरची पाटी.

पाटी हा किरकोळ विषय समजला जातो. इमारत पूर्ण झाली, रंग लागला, की उरल्यासुरल्या रकमेतून पाट्या रंगवावयाच्या, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. वस्तुतः पाणी, दिवाबत्ती यांच्याप्रमाणेच पाटी ही एक लोकसेवा आहे. तिच्या बाबतीत एकच गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी : पाटी परक्यासाठी असते. स्थानकात रोज येणाऱ्यास तिची गरज नसते, आणि नेमके तोच माणूस ती कोठे लावावी हे ठरवीत असतो. बहुतेक पाट्यांचे दोष या एका विसंगतीतून उत्पन्न होतात.

"पाटी नसली तरी विचारता येते," असे यावर म्हटले जाते. आपल्याकडे वाट सांगणाऱ्यांची वाण नाही, हे खरेच. परंतु पहाटे तीन वाजता गाडीतून उतरलेल्या एकट्या स्त्रीने कोणास विचारावे? ऐकू न येणाऱ्याने कसे विचारावे? ज्याला विचारावे लागते तो सांगणाऱ्याच्या मर्जीवर व माहितीवर अवलंबून राहतो. चांगली पाटी माणसास हे परावलंबन टाळावयास मदत करते.

नावाचा घोटाळा

वाट चुकण्याचे पहिले कारण पुष्कळदा नावातच असते. तालुक्याचे नाव खटाव, परंतु तहसील कचेरी वडूजला. खटाव हे गाव निराळे. शेजारच्या माण तालुक्याची कचेरी दहिवडीस. जिल्ह्याबाहेरून कागदपत्रांसाठी येणाऱ्याने "खटाव तहसील" एवढेच ऐकले असेल तर तो कोठे उतरेल, हे सांगावयास नको. याच तालुक्यात पुसेगाव आहे आणि पुसेसावळीही आहे. घाईत, अंधुक उजेडात, बसच्या पाटीवरील पहिली दोन अक्षरेच वाचणाऱ्यास दोन्ही गावे एकच भासतात. म्हणून एस.टी.च्या पाटीवरील 'मार्गे' हा लहानसा शब्द फार मोलाचा आहे. साताऱ्याची एक गाडी पुसेगाव-कोरेगाव मार्गे जाते, तर दुसरी औंध-रहिमतपूर मार्गे. मधल्या गावी उतरणाऱ्यास शेवटच्या ठिकाणाहून मार्गाचीच माहिती अधिक हवी असते.

रेल्वेचीही अशीच उदाहरणे आहेत. स्थानकाच्या नावास 'रोड' हा शब्द जोडलेला असला की मूळ शहर तेथे नसून तेथून रस्त्याने जावे लागते, असा त्याचा अर्थ असतो. सातारारोड म्हणजे सातारा नव्हे. आजचे सातारा स्थानकही शहराच्या बाहेर, माहुलीच्या बाजूस आहे. जाणत्यास हे ठाऊक असते; परक्यास ते पाटीने सांगावे लागते. कराड आणि कऱ्हाड ही एकाच गावाच्या नावाची दोन रूपे प्रचारात आहेत. त्यांपैकी कोणते शुद्ध, हा वाद विद्वानांनी करावा. एका स्थानकाच्या आवारात मात्र सर्वत्र एकच रूप असावे.

दादरचा धडा

क्रमांकानेही घोटाळा होऊ शकतो. मुंबईत दादर येथे पश्चिम रेल्वे व मध्य रेल्वे यांची स्थानके एकमेकांस लागून असून पुलाने जोडलेली आहेत. अनेक वर्षे दोन्हीकडील फलाटांचे क्रमांक एकपासूनच सुरू होत. साहजिकच "फलाट क्रमांक एक" ही सूचना ऐकून किंवा वाचून नवखा प्रवासी चुकीच्या बाजूस उतरे, आणि जड सामानासह पुन्हा जिना चढून येईपर्यंत गाडी निघून जाई. ९ डिसेंबर २०२३ पासून ही पद्धत बदलण्यात आली. पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ असेच राहिले आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे पुढचे क्रमांक देण्यात आले. नवा पूल किंवा नवा फलाट न बांधता केवळ क्रमांक बदलून हा संभ्रम दूर करता आला, ही गोष्ट कोणत्याही कार्यालयाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकाच आवारात दोन 'खिडकी क्रमांक १' असतील तर दोष प्रवाशाचा नसतो.

अक्षर, रंग आणि जागा

रेल्वे स्थानकाची नावाची पाटी सर्वांच्या परिचयाची आहे : पिवळी जमीन, काळी ठळक अक्षरे. काळ्या-पिवळ्यातील ठळक विरोधामुळे ती दुरून व मंद उजेडातही वाचता येते. अक्षराच्या आकाराविषयी एक ढोबळ प्रमाण उपयोगी पडते : जितक्या अंतरावरून वाचावयाचे, त्याच्या दोनशेव्या भागाइतकी अक्षराची उंची असावी. वीस मीटरांवरून वाचावयाच्या पाटीस दहा सेंटिमीटर उंचीचे अक्षर हवे. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजावी. वरच्या वेलांट्या व मात्रा आणि खालचे उकार यांस निराळी जागा ठेवावी लागते. ती न ठेवता दोन ओळी दाटीने बसविल्या, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

काही अक्षरे मुळातच फसवी आहेत. 'ख' सुटा काढला तर 'रव' वाचला जातो. म्हणूनच प्रमाण लेखनात त्याचा खालचा भाग जोडलेला असतो. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांतील भेद शिरोरेषेच्या लहानशा खंडावर अवलंबून असतो. सावली दिलेली, वळणदार, नक्षीची अक्षरे दुकानाच्या पाटीस शोभतात. वाट दाखविणाऱ्या पाटीस साधे व एकसारख्या जाडीचे अक्षरच योग्य. चकचकीत रंगावर उन्हाची तिरीप पडली की मजकूर दिसेनासा होतो, म्हणून पृष्ठभाग मंद असावा. केवळ रंगावरही विसंबू नये. रंगांधत्व असणाऱ्यास "हिरव्या पाटीकडे जा" ही सूचना निरुपयोगी आहे.

शब्दांचीही निवड महत्त्वाची आहे. 'चौकशी', 'पिण्याचे पाणी', 'तिकीट खिडकी' हे शब्द कोणालाही कळतात. 'लिफ्ट' हा शब्द रुळलेला असताना एकट्या 'उद्वाहक' या शब्दाने वृद्ध प्रवाशाची सोय होत नाही. राजभाषेचा आग्रह योग्यच आहे. तथापि लोकांच्या तोंडी असलेला शब्द हाही मराठीच असतो.

जागेविषयी नियम सोपा आहे. जेथे माणूस थबकतो, तेथे पाटी हवी : जिन्याच्या तोंडाशी, दोन वाटा फुटतात त्या ठिकाणी, फाटकातून आत आल्यावर. ती गर्दीतील डोक्यांच्या वर आणि चालणाऱ्याच्या समोर असावी, त्याच्या चालण्यास समांतर भिंतीवर नव्हे. वाट लांब असेल तर मध्ये पुन्हा एक पाटी लावावी. "आपण बरोबर जात आहोत" हा दिलासाही आवश्यक असतो. बाणाविषयी विशेष काळजी घ्यावी. वर रोखलेला बाण 'सरळ जा' असे सांगतो की 'जिना चढा' असे, याचा उलगडा जिन्याजवळ हमखास होत नाही. तेथे जिन्याचे चित्र द्यावे.

चित्रांची भाषा

अक्षरओळख नसलेल्या प्रवाशाचा विचार इतर देशांतही झाला आहे. मेक्सिको शहरात १९६९ साली भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा प्रत्येक स्थानकास नावाबरोबर एक चित्रचिन्हही देण्यात आले. वाचता न येणाऱ्यास ते चित्र पाहून उतरता येते. लंडनच्या भुयारी रेल्वेने १९१६ साली एडवर्ड जॉन्स्टन यांच्याकडून खास अक्षरवळण करवून घेतले. तेथेच १९३३ साली हॅरी बेक यांचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्यक्ष अंतरे व वळणे गाळून केवळ स्थानकांचा क्रम व गाडी बदलण्याची ठिकाणे दाखविली होती. प्रवाशास हवे तेवढेच सांगावे, हे त्यामागील सूत्र.

आपल्या देशास ही कल्पना परकी नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून कोट्यवधी मतदार चिन्ह पाहून मतदान करीत आले आहेत. नळ, खाट, चाकांची खुर्ची यांची स्वच्छ चित्रे पाटीवर असतील तर तीही तितक्याच सहजतेने ओळखली जातील. भारतीय रेल्वेनेही २०२३ साली सर्व स्थानकांवरील पाट्यांत एकसारखेपणा यावा म्हणून मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत.

गावाने काय करावे

रेल्वे नसलेल्या गावासही यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. वडूजला आता नगरपंचायत आहे. एस.टी. स्थानकापासून तहसील कचेरी, रुग्णालय आणि हुतात्मा स्मारक या तीन ठिकाणी जाणाऱ्या वाटा प्रथम घ्याव्यात. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा नेताना गोळीबारात धारातीर्थी पडलेल्या वीरांचे स्मारक पाहावयास बाहेरगावचे विद्यार्थी आले, तर त्यांना ते न विचारता सापडावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

या कामी शिक्षकांचे साहाय्य होऊ शकते. गावात नव्याने आलेल्या किंवा दुसऱ्या गावच्या चार विद्यार्थ्यांस स्थानकावर उभे करावे व कोणासही न विचारता कचेरी शोधावयास सांगावे. ते जेथे जेथे थांबतील तेथे मागून येणाऱ्याने वहीत खूण करावी. त्या खुणा म्हणजेच पाट्यांच्या जागा. हाच प्रयोग दिवेलागणीनंतर पुन्हा करावा. दिवसा पुरेशी वाटणारी पाटी रात्री अंधारात असल्याचे तेव्हाच कळते.

पाटी लावल्यानंतरची देखभाल हे खरे कसोटीचे काम. वाढदिवसाचे व अभिनंदनाचे फलक दिशादर्शक पाट्यांवर चढविले जातात. मालमत्तेचे विद्रूपण रोखण्यासाठी राज्यात १९९५ चा कायदा आहे. परंतु त्याच्या अंमलाची सुरुवात पंचायतीच्या सभासदांनी स्वतःच्या नावाचा फलक उतरवून केल्यास तिचा परिणाम अधिक होईल. कचेरी हलली, खिडकी बदलली, तर जुनी पाटी त्याच दिवशी काढावी. पाटी नसलेल्या ठिकाणी माणूस निदान विचारतो. चुकीच्या पाटीवर मात्र तो विश्वास ठेवून चालू लागतो. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, एका जबाबदार कर्मचाऱ्याने सर्व पाट्या पाहून त्यांची नोंद ठेवावी. ही फेरी त्याने स्थानकापासून, हाती पिशवी घेऊन, प्रथमच आलेल्या माणसाप्रमाणे पायी करावी.