कंट्रोल, नोंद घ्या

विभागीय चौकशीत माझ्यावरचा एकही ठपका सिद्ध झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगितलं तर तिथवर कुणी वाचत नाही. आमच्या महापालिकेत तर ‘यांच्यावर चौकशी लागली होती ना?’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलंय. ज्या शहरात मी उपमुख्य अग्निशमन अधिकारी होतो त्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. हे लिहितोय ते उद्या त्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी, आणि थोडं मन मोकळं करायला. दोन्ही कारणं खरी आहेत.

उपप्रमुख म्हणजे काय, तर वर्दी आली की सगळ्यात आधी तुम्ही, आणि अधिकार वापरायची वेळ आली की तुम्ही कुणीच नाही. २००६ चा आपला आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम उघडून बघा. नोटीस देण्याचे, इमारत रिकामी करून घेण्याचे, सील ठोकण्याचे अधिकार आहेत ते संचालकांना, मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याला किंवा नामनिर्देशित अधिकाऱ्याला. आपण आपोआप नामनिर्देशित असतो अशी बऱ्याच उपप्रमुखांची समजूत असते. तसं काही नसतं. आदेश लागतो, आदेशाला जावक क्रमांक लागतो आणि त्यात कोणत्या कलमाखालचे अधिकार दिलेत ते स्पष्ट लिहिलेलं लागतं. पदभार घेतल्यावर हार-तुरे आटोपले की आधी हा कागद मागा. नसेल तर तो मिळावा म्हणून अर्ज द्या. मी दिला होता. तो अर्ज साहेबांच्या, म्हणजे मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या, केबिनमध्ये गेला आणि तिथेच राहिला.

आता त्या इमारतीबद्दल. जुन्या बाजारपेठेतली, तीन मजली, लोखंडी तुळयांची. खाली दुकानं, वर रेक्झिन आणि फोमचं गोदाम. तक्रार आली म्हणून मी तपासणीला गेलो. मालकाने ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून तयारच ठेवलं होतं. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं, परवानाधारक एजन्सीने जानेवारीत आणि जुलैत द्यायचं ते. कागद अगदी चोख. खाली पंप बघायला गेलो तर त्याला वीजजोडणीच नव्हती, केबलचं टोक भिंतीला नुसतं टेकवून ठेवलेलं. जिन्यात दोन्ही अंगांना रेक्झिनच्या गुंडाळ्या उभ्या. मी खिशातली टेप काढली आणि दुसऱ्या वळणावर जायला किती जागा उरली ते मोजलं. ५२ सेंटीमीटर. पाठीवर बी.ए. सेट, म्हणजे श्वसनयंत्र, बांधलेला माणूस तिथून सरळ जाऊच शकत नाही, आडवा होऊन घुसावं लागतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच संध्याकाळी टिपणी लिहिली. कलम ८ खाली वीज आणि पाणी तोडावं, इमारत सील करावी. सोबत फोटो, मोजमापं. साहेबांचा शेरा आला: ‘चर्चा करावी’. सरकारी कचेरीत काम केलेल्याला या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको. चर्चा झाली. ‘सणासुदीचे दिवस आहेत, व्यापारी उद्या आयुक्तांच्या दालनात जाऊन बसतील. आपण कलम ६ ची नोटीस काढू. सील-बिल दिवाळीनंतर बघू.’ हे सगळं तोंडी. मी बाहेर आलो आणि माझ्या डायरीत तारीख घालून लिहून ठेवलं. नोटीस काही निघाली नाही.

सही टाळण्याची ही साथ तशी जुनी. कमला मिलच्या आगीत २९ डिसेंबर २०१७ ला १४ माणसं गेली, नंतर अटक झालेल्यांमध्ये अग्निशमन दलाचा अधिकारीही होता. तेव्हापासून तर प्रत्येक शहरातले साहेब कागदाला हात लावायच्या आधी खाली दुसऱ्या कुणाची सही आहे का ते बघतात. खाली कोण असतो? उपप्रमुख. भंडाऱ्याच्या रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये दहा नवजात बाळं गेली, मग राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश सुटले. आमच्याकडे ते गठ्ठे कुणाच्या टेबलावर आले असतील ते सांगत बसत नाही.

त्या इमारतीची वर्दी आली रात्री, दुकानं बंद झाल्यानंतर. मी पहिल्या दोन गाड्यांच्या मागोमाग पोहोचलो. फोमचा धूर काळा, जड, त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा वायू. दोन श्वासांत माणूस बसतो. बी.ए. लावून एक टीम पहिल्या मजल्यापर्यंत गेली. अर्ध्या-पाऊण तासाचा म्हणून दिलेला सिलिंडर अशा कामात किती लवकर रिकामा होतो ते ज्याने काम केलंय त्याला माहीत आहे. हवा संपत आल्याच्या शिट्ट्या वाजायला लागल्या, पोरं बाहेर आली. लीडिंग फायरमनने सांगितलं, वरची तुळई वाकलीय. मी तिथेच ठरवलं, आता आत कुणी नाही. आत माणूस अडकलेला नाही याची वॉचमनकडून आणि दोन्ही भाडेकरूंकडून खात्री करून घेतली होती. शेजारच्या इमारती वाचवायच्या, समोरून मॉनिटरने, म्हणजे पाण्याच्या तोफेने, आणि मागच्या गल्लीतून दोन लाइन लावून पाणी मारत राहायचं, टँकरची रांग तुटू द्यायची नाही. आग पुस्तकात लिहिल्यासारखी आटोक्यात येत होती. हे मी म्हणत नाही, चौकशी अधिकाऱ्यांच्या अहवालात आहे.

मग साहेब आले. सोबत स्थानिक नगरसेवक आणि त्यांच्या मागे कॅमेरे. नगरसेवक मोठ्याने म्हणाले, ‘सगळे बाहेर उभे राहून काय बघताय? आत पाठवा की माणसं!’ साहेबांनी वॉकीटॉकी हातातसुद्धा घेतला नाही. मला काही विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. थेट पोरांकडे गेले. ‘ए, तुम्ही दोघे. जिन्याने वर जाऊन ब्रांच लावा.’ मी म्हणालो, ‘सर, वरची तुळई गेलीय, मी सगळ्यांना बाहेर काढलंय.’ उत्तर आलं, ‘तुम्ही मागच्या गल्लीत बघा.’ कॅमेऱ्यासमोर, सगळ्यांच्या देखत. मुख्य अधिकाऱ्याने सांगितल्यावर पोरं जाणारच. त्यांना मी कधी दोष दिला नाही. जिन्यातल्या त्या वळणावर वितळलेला माल वरून कोसळला. एकाची मान आणि दोन्ही हात भाजले. तो मुलगा आज कंट्रोल रूममध्ये बसतो. त्याला ब्रांच, म्हणजे पाण्याच्या पाइपाचं तोंड, पकडता येत नाही.

पहाटे साहेबांनी वाहिनीला बाइट दिला: ‘मी स्वतः घटनास्थळी कमांड घेतली आणि आग नियंत्रणात आणली.’ आणि जवान भाजल्याचा अहवाल आयुक्तांकडे गेला त्यात लिहिलं: ‘घटनास्थळी कमांड उपमुख्य अधिकाऱ्यांकडे होती.’ दोन्ही एकाच माणसाची वाक्यं.

कारणे दाखवा नोटीस आली तेव्हा मी स्टेशनमध्येच होतो. शिपायाने पाकीट दिलं, मी पोचपावतीवर सही केली, उभ्या उभ्याच वाचायला लागलो. पहिला आरोप, आत जवान पाठवून त्यांचा जीव धोक्यात घातला. वाचून राग आला, पण आश्चर्य वाटलं नाही. दुसरा आरोप, इमारतीतला धोका माहीत असूनही वरिष्ठांच्या निदर्शनास आणून दिला नाही. माझी टिपणी अभिलेखात आढळून येत नाही, असंही खाली नमूद होतं. आणि मग हे वाक्य: ‘सदर इमारतीच्या जिन्यात ये-जा करण्यास केवळ ५२ सें.मी. जागा शिल्लक असल्याची बाब आपण लपवून ठेवली.’

मी खाली बसलो. ५२ हा आकडा आणला कुठून? जिना जळून गेलेला, गुंडाळ्या जळून गेलेल्या. तो आकडा जगात दोन ठिकाणी होता, माझ्या डायरीत आणि न सापडणाऱ्या त्या टिपणीत. माझी डायरी माझ्या घरी होती. म्हणजे ज्याने नोटिशीचा मसुदा केला त्याच्या टेबलावर माझी टिपणी उघडी पडलेली होती. ती समोर ठेवूनच ‘टिपणी आढळून येत नाही’ असं लिहिलं होतं. वर्षानुवर्षं ज्यांना सर, सर म्हणत मागे उभा राहिलो, त्यांना मी त्या क्षणी पहिल्यांदा नीट ओळखलं. नोटीस परत परत वाचली. संताप होताच, पण खरं सांगू, थोडं हसूही आलं. एवढा हुशार माणूस, आणि आकडा पुसायला विसरला.

आता कामाचं.

वरिष्ठ घटनास्थळी आले की वायरलेसवर बोला. लाजू नका. ‘कंट्रोल, नोंद घ्या. मुख्य अधिकारी घटनास्थळी पोहोचले, कमांड त्यांच्याकडे.’ ते नाही म्हणाले तर तेही वायरलेसवर येतं. तुमच्या निर्णयाविरुद्ध आदेश दिला तर तो आदेश जसाच्या तसा पुन्हा उच्चारा: ‘साहेबांच्या आदेशाने दोन जवान जिन्याने आत जात आहेत.’ मी त्या रात्री आधी टँकरच्या मागे लागलो होतो आणि मग मागच्या गल्लीत ढकलला गेलो. तरी वाचलो, कारण साहेबांच्या ड्रायव्हरने नेहमीच्या सवयीने गाडी पोहोचल्याचं कंट्रोलला कळवलं होतं. वर्दी रजिस्टरला वेळ होती. जवान भाजल्याची वेळ त्यानंतरची. माझी अख्खी नोकरी त्या ड्रायव्हरच्या सवयीवर तरली. म्हणून ड्रायव्हर, कंट्रोलवाले, आवक-जावकचे कारकून यांच्याशी नीट वागा. तसं ते एरवीही वागायला हवंच.

टिपणी कधीही नुसती वर पाठवू नका. आवक क्रमांक घ्या, शिक्क्यासह झेरॉक्स घ्या आणि त्याच दिवशी कार्यालयीन ईमेलवरून स्कॅन प्रत पाठवा. ‘चर्चा करावी’ शेरा आला तर चर्चा करा, आणि बाहेर आल्यावर दुसरी टिपणी टाका: ‘आजच्या चर्चेत झालेल्या आदेशानुसार सील करण्याची कार्यवाही तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे.’ साहेब चिडतील. चिडू द्या. चिडलेला साहेब परवडतो. कागद हरवला म्हटलं तर माहितीच्या अधिकारात फाईलचा प्रवास मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मला आवक-जावक रजिस्टरची प्रमाणित प्रत अशीच मिळाली. टिपणी केबिनमध्ये गेल्याची नोंद होती, बाहेर आल्याची नव्हती.

साहेब रजेवर गेले की ना हरकत दाखल्यांच्या फायली धडाधड तुमच्याकडे यायला लागतात. महिनाभर अडलेल्या, नेमक्या त्याच आठवड्यात. प्रभारी म्हणून पदभाराचा लेखी आदेश असेल तरच सही करा, सहीखाली ‘प्रभारी’ आणि आदेश क्रमांक लिहा. नसेल तर फाईल परत पाठवा. मला यावरून ‘असहकार करणारा’ म्हटलं गेलं, गोपनीय अहवालात तसं लिहिलंही गेलं.

अजून एक, याचा माझ्या भांडणाशी संबंध नाही. प्रमुख आणि उपप्रमुख यांनी एकाच वेळी एकाच इमारतीत शिरू नये. काळबादेवीला ९ मे २०१५ ला इमारत कोसळली त्यात मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन दोघेही होते. चार अधिकारी आपण गमावले. पुढे राहून लढणारे होते ते, त्यांच्यापुढे आमची मान झुकते. पण एकाने बाहेर थांबलंच पाहिजे, आणि कोण थांबणार ते आधी ठरलेलं पाहिजे. आमच्याकडे हे ठरवायची वेळच आली नाही, कारण आमचे साहेब आत कधी गेलेच नाहीत. असो.

बाकी नेहमीचं. वेळेवर जेवा, बीपी तपासत जा, नगरसेवकांच्या घरच्या कार्यक्रमांना जावं लागलं तर जा पण गाडी सरकारी नेऊ नका. युनियनच्या लोकांशी नीट बोला. घरी कामाचं फार सांगू नका, हे मी म्हणतो खरं, पण त्या वर्षभरात बायकोने ऐकून घेतलं नसतं तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

साहेब सेवानिवृत्त झाले. शाल, श्रीफळ, मोठा कार्यक्रम. ‘धाडसी नेतृत्व’ असा शब्द मानपत्रात होता. मला बोलावणं होतं, मी गेलोही, मागच्या रांगेत बसलो. भाजलेला पोरगाही आला होता, त्याच्या ड्यूटीची पाळी होती म्हणून लवकर गेला. चौकशी चालू असताना पदोन्नतीची बैठक होऊन गेली. माझं नाव लखोट्यात बंद ठेवलं, आणि माझ्या मागच्या बॅचचा अधिकारी प्रमुख झाला. चांगला मुलगा आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

तुमच्यावर चौकशी लागून तुम्ही निर्दोष सुटलात, तर निकालाची प्रमाणित प्रत घेऊन घरी बसू नका. आस्थापना विभागात जाऊन स्वतःचं सेवापुस्तक उघडून बघा. माझ्या सेवापुस्तकात नोटिशीची नोंद लाल शाईत आहे. आरोप सिद्ध न झाल्याची नोंद अजून घेतलेली नाही. परवाच पुन्हा स्मरणपत्र दिलं, आवक क्रमांकासह.